देवाच्या योजनेवर भरवसा: कठीण काळात आधी काय करायचं, नंतर काय

बायोप्सीचा रिपोर्ट येतो, नोकरी जाते, घरातलं माणूस जातं, आणि मंडळीतून येणाऱ्या पहिल्या चार-पाच फोनांत एक वचन हमखास ऐकू येतं: यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असं सांगणारं. ‘देवाची योजना आहे, भरवसा ठेवा.’ सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं. ऐकणारा ‘आमेन’ म्हणतो, फोन ठेवतो आणि रात्रभर छताकडे बघत पडून राहतो. भरवसा ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मग तो आपल्या परीनं काहीतरी करू लागतो. रडू दाबतो, देवाला मनातल्या मनात तारीख देतो, प्रत्येक गोष्टीत खूण शोधतो. पंधरा दिवसांत थकतो आणि ‘माझा विश्वासच कमी पडतोय’ असं म्हणून उपासनेला येणंही टाळतो. बहुतेक वेळा त्याचा विश्वास कमी नसतो, क्रम चुकलेला असतो. स्तोत्रांत भरवशाचं वाक्य पुष्कळदा शेवटाकडे येतं. आपण तिथूनच सुरुवात करतो.

ही चूक मीही केली आहे. माझ्या मावसबहिणीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा मी तिला हेच वचन फुलांच्या चित्रासकट पाठवलं. दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर आलं नाही. वर्षभरानं तिनं सांगितलं, ‘त्या दिवशी मला दूध उतरलं होतं रे दादा. मला ते कोणालातरी सांगायचं होतं.’ खाली लिहिलेला क्रम त्यानंतर हळूहळू हाती आला.

तयारी

चार गोष्टी जवळ ठेवा. एक रेघी वही. छापील पवित्र शास्त्र (फोनवर वाचायला घेतलं की दोन मिनिटांत नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात). दिवसातली पंधरा मिनिटांची ठरलेली वेळ. आणि अशा एक-दोन माणसांची नावं, ज्यांच्यासमोर तुम्ही रडलात तरी ती घाबरणार नाहीत.

वहीत फक्त डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं सोडायचं. कारण पाचव्या पायरीत सांगतो.

त्याआधी जेवा आणि झोपा. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरावरचं बोलणं चाळीस दिवसांनी होतं. इस्पितळाच्या बाकड्यावर तीन रात्री काढलेल्या माणसानं उपास धरू नये. दुसऱ्या कोणाला बसवून घरी जावं, आंघोळ करावी, वरणभात खाऊन पाच तास झोपावं.

पायरी 1: हे सोसायचं संकट आहे की थांबवायचं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यातून सगळ्यात जास्त नुकसान होतं. वहीच्या पहिल्या पानावर संकटाचं नाव एका ओळीत लिहा. ‘कठीण काळ चालू आहे’ असं मोघम नको. ‘नवरा दारू पिऊन मारतो.’ ‘आईला स्तनाचा कर्करोग आहे, दुसरी स्टेज.’ ‘43 दिवस पगार नाही.’ मग विचारा, यातलं माझ्या किंवा दुसऱ्याच्या हातानं थांबवता येण्यासारखं काय आहे?

मारहाण थांबवायची असते. तिला देवाची योजना म्हणून त्या घरात राहायला सांगणारा माणूस शास्त्र चुकीचं शिकवतो, मग तो कोणत्याही पदावर असो. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. आजारावर उपचार घ्यायचे असतात. पौल तीमथ्याला पोटासाठी पाणीच न पिता थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (1 तीमथ्य 5:23), ‘नुसता विश्वास ठेव’ असं सांगत नाही.

सावधान: प्रार्थनेनंतर डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. साखरेच्या, फिटच्या आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्यांबाबत तर अजिबात नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला आत्ता सांगा आणि 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. एलीयाही याच टोकाला आला होता, आणि देवानं त्याला त्यासाठी एका शब्दानं दोष दिला नाही.

पायरी 2: यिर्मया 29 पहिल्या वचनापासून वाचा

अकरावं वचन तोडून वाचलं की ते आश्वासनाच्या चिठ्ठीसारखं वाटतं. ते एका लांब पत्रातलं वाक्य आहे. नबुखद्नेस्सरानं इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून लोक बाबेलास नेले. त्यांना यिर्मयानं हे पत्र पाठवलं.

आधी अध्याय 28 वाचा. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयाही आधी म्हणतो, ‘आमेन, परमेश्वर तसं करो’ (28:6). त्यालाही ते व्हायला हवं होतं. पण ते खरं नव्हतं. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या मोडतो, आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो.

आता अध्याय 29. पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. सहाव्यात लग्नं करा, मुलांची लग्नं करा. सातव्यात, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, म्हणजे शत्रूच्या शहरासाठी. दहाव्यात, परत यायला सत्तर वर्षं लागतील. आणि मग अकराव्यात ‘हिताचे संकल्प’.

हिशेब करून बघा. हे पत्र ऐकताना जो तीस वर्षांचा होता, तो परत येणार नव्हता. त्याची नातवंडं येणार होती. तरीही त्याला सांगितलं की देवाच्या मनात हिताचं आहे.

मराठीत वाचताना आणखी एक गोष्ट निसटते. आपण एकट्या वडीलधाऱ्या माणसालाही ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून हे वचन देव माझ्या एकट्याच्या नोकरीबद्दल बोलतोय असं वाटतं. मूळ हिब्रूत ते अनेकवचन आहे. देव एका अख्ख्या लोकसमूहाशी बोलतोय. तुम्ही त्यात आहात, पण एकटे नाही.

रोमकरांस पत्र 8:28 चंही असंच होतं. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, इथपर्यंत आपण वाचतो आणि ‘कल्याण’ म्हणजे काय ते आपल्या मनानं ठरवतो. पुढच्याच वचनात पौल ते सांगतो: आपण त्याच्या पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हावं. त्यात नोकरी परत मिळेलच असं म्हटलेलं नाही.

तपासा: त्या लोकांना ‘आज’ काय करायला सांगितलं होतं, हे पुस्तक मिटून एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर पुन्हा वाचा. सहाव्या पायरीत ते लागणार आहे.

पायरी 3: गाऱ्हाणं मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. घाई झाली तर पुढचं सगळं पोकळ होतं.

स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. ती स्तोत्रं देवाच्या लोकांनी उपासनेत म्हणायची होती. तरीही आपल्याकडे कोणी ‘देवा, तू कुठं आहेस’ असं मोठ्यानं म्हटलं की शेजारचा घाईनं ‘हालेलुया’ म्हणून झाकायला जातो. प्रभू येशूनं वधस्तंभावर स्तोत्र 22 चंच पहिलं वाक्य उच्चारलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ (मार्क 15:34). ज्याच्या तोंडी ते शोभलं, त्याच्या लेकरांना ते का शोभू नये?

सुरुवातीला स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत आणि क्रम स्पष्ट आहे. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. तुमच्या वहीचं पान याच क्रमानं चालू द्या, पण पहिले काही दिवस पहिल्या दोन वचनांपाशीच थांबा.

नुसतं ‘मी दुःखी आहे’ लिहून भागत नाही. देवाला उद्देशून लिहायचं आणि बारीकसारीक लिहायचं. एका भावाच्या वहीतलं पान, त्याच्या परवानगीनं, थोडं बदलून:

‘परमेश्वरा, किती काळ? आज धाकट्याच्या शाळेतून फीचा तिसरा फोन आला. मी बाथरूममध्ये जाऊन उचलला, म्हणजे हिला ऐकू जाऊ नये. तू मला विसरलास का? ज्यानं माझ्यावर खोटा आळ घेतला त्याला बढती मिळाली. हे तुला दिसतं का? मला तुझा राग आला आहे. तरी तुलाच सांगतोय, कारण दुसरं कोणी नाही.’

‘तरी तुलाच सांगतोय’ या तीन शब्दांत पुष्कळ भरवसा आहे, त्या भावाला तेव्हा तो जाणवला नव्हता. देवाकडे पाठ फिरवून दुसऱ्यांकडे कुरकुर करणं निराळं, आणि देवासमोर बसून त्यालाच जाब विचारणं निराळं. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य गमावलेल्या ईयोबानं तिसऱ्या अध्यायापासून एकतिसाव्यापर्यंत हेच केलं. शेवटी देव त्याच्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (42:7). ते मित्र देवाची बाजू मांडत होते, हे लक्षात घ्या.

नेहमीच्या चुका:

गाऱ्हाणं संपायच्या आत ‘पण देवा, तू चांगला आहेस’ असं लिहून पान बंद करणं. तसं आपोआप आलं तर लिहा, सभ्यपणा म्हणून लिहू नका.

दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करणं. ‘लोकांचं याहून वाईट असतं’ हे खरं असेल, पण देव तुम्हाला तुमचंच विचारतोय.

पहिल्याच दिवशी हलकं वाटेल अशी अपेक्षा. कधीकधी आधी जास्त जड वाटतं.

तपासा: आजचं पान पाळकसाहेबांच्या हाती पडलं तर थोडी लाज वाटेल का? वाटत असेल तर तुम्ही खरं लिहिलं आहे.

पायरी 4: स्पष्ट मागा, तारीख देऊ नका

आता मागणं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे प्रभूनं आधी म्हटलं नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं आधी, हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं मागितलं आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, असं म्हटलं (मार्क 14:36). तेही एकदा म्हणून झालं नाही. तो पुन्हा पुन्हा जाऊन तेच मागत राहिला. पहिलं वाक्य गाळून एकदम दुसरं म्हणणारे खूप आहेत. त्याला आपण समर्पण म्हणतो, पण बऱ्याचदा ती ‘नाही’ ऐकावं लागेल म्हणून वाटणारी भीती असते.

म्हणून वहीत दोन ओळी. पहिली, काय हवं आहे: ‘आईचा पुढचा स्कॅन साफ यावा.’ दुसरी, ‘आणि तसं झालं नाही तरी…’ ही दुसरी ओळ काही दिवस अर्धीच राहू द्या. भट्टीसमोर उभे असलेले तिघे तरुण आमचा देव सोडवायला समर्थ आहे असं म्हणतात आणि लगेच, त्यानं सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही, असंही म्हणतात (दानीएल 3:17-18). ते वाक्य त्यांना एका दिवसात सुचलं असेल असं मला वाटत नाही.

सावधान: सौदा करू नका. ‘हे झालं तर दुप्पट दशांश देईन’ यात प्रार्थना कमी आणि नवस जास्त असतो. आणि पैसे पाठवले की तुमच्यासाठी दार उघडेल असं फोनवर सांगणाऱ्या सेवकाला एक रुपयाही देऊ नका. संकटातल्या माणसाकडून घेतलेल्या अशा पैशानं मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

पायरी 5: योजनेचा अर्थ लावू नका. उजवं पान कोरं ठेवा

डाव्या पानावर जे घडलं ते. उजव्या पानावर ‘का घडलं’ ते, पण ते आज लिहायचं नाही.

योसेफाला भावांनी सतराव्या वर्षी खड्ड्यात टाकलं, तो विकला गेला, आणि तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहिला. मध्ये खोटा आरोप, कैद, आणि प्यालेबरदार त्याला विसरला म्हणून आणखी दोन पूर्ण वर्षं. ‘देवाने ते चांगल्यासाठी योजले’ हे वाक्य तो भावांना बाप मेल्यानंतर म्हणतो (उत्पत्ति 50:20). खड्ड्यात असताना त्यानं काय केलं? तो गयावया करत होता, हे भावांनाच नंतर आठवतं (42:21). म्हणजे सतराव्या वर्षीचं त्याचं डावं पान रडण्याचं होतं, आणि उजवं पान खूप उशिरा भरलं. शिवाय त्या वाक्यातही तो आधी म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलंत. देवानं त्यातून चांगलं केलं म्हणून भावांचं वाईट काम चांगलं ठरलं नाही.

ईयोबाला तर कारण कधीच कळलं नाही. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणं झालं ते आपल्याला वाचायला मिळतं, त्याला नाही.

इथं लोक हमखास अडखळतात ते असं. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं. रस्त्यात दिसलेल्या पाटीत खूण शोधायची. कोण्या फिरत्या सेवकाचं ‘दर्शन’ धरून बसायचं, हनन्यासारखं, मुदतीसकट. सगळ्यात क्रूर म्हणजे कोणतं पाप नडलं ते शोधत बसायचं. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारलं होतं, आणि प्रभूनं यानंही नाही, याच्या आईबापांनीही नाही, असं उत्तर दिलं (योहान 9:3). एखादं खरं पाप मनाला बोचत असेल तर ते कबूल करा, क्षमा घ्या, पण त्याची सांगड आईच्या गाठीशी घालू नका.

अनुवाद या पुस्तकातलं 29:29 ही वेळोवेळी वाचायची जागा आहे. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या आपल्या.

पायरी 6: आजचं एक काम

बागा लावा, असं सांगितलं होतं. म्हणून रोज वहीच्या शेवटी एक काम लिहायचं, जे आज संध्याकाळपर्यंत होऊ शकेल. अर्ज पाठवणं. केमोच्या फायली तारखेप्रमाणे लावणं. मुलाला डबा देणं. बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोलणं. मोठं काम नको. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर ‘आजची’ आहे.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. त्या पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः वारल्या. मधल्या महिन्यांत केडगावला त्या मराठी पवित्र शास्त्राच्या आपल्या भाषांतराचंच काम करत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपण सांगू शकत नाही, पण रोज टेबलापाशी बसणं दिसतं.

पायरी 7: माणसांना आत घ्या

गेथशेमानेत प्रभूनं तिघांना जवळ घेतलं आणि माझा जीव फार खिन्न झाला आहे असं त्यांना उघड सांगितलं. ते झोपले, हे खरं. तरी त्यानं मागितलं. तुम्हीही मागा, आणि नेमकं मागा. ‘प्रार्थना करा’ एवढं म्हटलं की लोक ‘हो’ म्हणून विसरतात. ‘मंगळवारी सकाळी नऊला स्कॅन आहे, त्या वेळी दहा मिनिटं प्रार्थना करा आणि दुपारचा डबा आणा’ असं सांगा. आजारी असाल तर वडीलवर्गाला घरी बोलवा, याकोब 5:14 प्रमाणे. हे बोलावणं आजाऱ्यानं पाठवायचं असतं. वडील आपण होऊन येतील म्हणून वाट बघत रुसून बसू नका.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस जे केलं ते करा: जमिनीवर बसले, कोणी बोललं नाही (2:13). त्यांचं पुढचं सगळं चुकलं, हे सात दिवस बरोबर होते. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, आणि काही वेळात तो त्याला उठवणार आहे हे त्याला माहीत होतं. दफनविधीच्या दिवशी ‘देवाची योजना’ हे शब्द तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. शोक करणाऱ्यानं स्वतः ते म्हटले तर मान हलवा.

दिवस लांबत गेले तर

दर रविवारी उपासनेआधी आठवड्याची पानं चाळा. तीनच गोष्टी बघा: जेवण-झोप चालू आहे का, देवाशी बोलणं चालू आहे का (रागानं का होईना), कोणाशी तरी भेट झाली का. भावना कशा आहेत ते मोजू नका. त्या मागेपुढे होतात.

काही दिवस तिसऱ्या पायरीवरून पुढं सरकताच येणार नाही. त्या दिवसांसाठी स्तोत्र 88 आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी भरवशाचं वाक्य नाही, तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे. ते मोठ्यानं वाचा आणि झोपा. शब्दच सुटत नसतील तर रोम 8:26 प्रमाणे पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो.

वही भरली की तारखा घालून कपाटात ठेवा, फेकू नका. माझ्या मावसबहिणीची पहिली वही तिच्याकडे आहे. तिची बहुतेक उजवी पानं अजून कोरी आहेत. एका पानावर मात्र तिनं गेल्या वर्षी पेन्सिलीनं एक ओळ लिहिली, शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीबद्दल, जिचं बाळ गेलं होतं आणि जिच्याकडे ही रोज दुपारी जाऊन बसत होती. ओळीच्या शेवटी तिनं प्रश्नचिन्ह घातलं आहे, आणि ते तसंच ठेवलं आहे.